गर्बी येईपर्यंत

२ मे १९९६, गुरुवार. खाबुरा

ईदची सुट्टी संपत आली. सुट्टीत मी केलं काय, तर डोरोथीला जेवायला बसवलं, आणि डोरोथी जेवली नाही. आमचा घरमालक जमाल, ज्याला मी अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतो, त्याच्या घरून मांस-भाताचं परातीएवढं ताट आलं होतं. एरवी तिने माझ्याआधी त्यावर हात मारला असता. या वेळी झाकण काढलं आणि ती नाक दाबून मोरीकडे पळाली.

ईदच्या आधीपासून हे चाललंय. चहाचा वास नको, कांदा परतल्याचा वास नको, माझ्या साबणाचा वास नको. साबण बदलला, तर आता नव्या साबणाचाही नको. ॲसिडिटी आहे म्हणते. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणते, उन्हाळा आहे, जाईल आपोआप.

आईचंही चहापासूनच सुरू झालं होतं. वसईला, पाचूबंदरच्या घरात तिने चहाचा कप बाजूला सारला तेव्हा आम्ही भावंडं हसलो होतो. पुढच्या नाताळला आई नव्हती. पोटात गाठ निघाली. हे डोरोथीजवळ बोललेलो नाही आणि बोलणारही नाही. आम्हाला मूलबाळ नाही. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत तुटली. मस्कतजवळ मत्रहला असताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आता फार आस धरू नका. त्याला वर्षं लोटली. तेव्हापासून आम्हीच एकमेकांची पोरं. तिला काही झालं तर मी काय करायचं, हा विचार मनात आला की मी उठून नळ दुरुस्त करायला घेतो. घरातले सगळे नळ आता उत्तम चालतात.

४ मे, शनिवार

कीथ येऊन गेला. हा डोरोथीचा मावसभाऊ, आत वाळवंटात तेलाच्या कॅम्पवर आचारी आहे. जाताना एक पाकीट ठेवून गेला. कॅम्पवरच्या कुणा अमेरिकनाने दिलं म्हणे. वर लिहिलं होतं, बीफ जर्की. उघडून पाहिलं तर काळपट, वातड पट्ट्या. मी म्हटलं, कीथ, अरे हे माझ्या चपलेचे पट्टे कुठून आणलेस.

डोरोथीने एक पट्टी उचलली, हुंगली, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून चावायला लागली. मग दुसरी. कीथ कॅम्पवरच्या गोष्टी सांगत होता आणि मी त्याचं एक अक्षर ऐकत नव्हतो. ही बाई खात होती. पाकीट संपलं, तळाशी उरलेला चुरासुद्धा तिने बोटाने टिपला. मोरीकडे गेली नाही. वर मला विचारते, "अजून आहे?"

कीथ आता ऑगस्टशिवाय येत नाही. खाबुऱ्याच्या बाजारात मी ही वस्तू मागितली तर दुकानदाराने मला कुत्र्यांच्या बिस्किटांपाशी नेऊन उभं केलं.

पण मी पाचूबंदरचा कोळी आहे. आमच्या घराने किती बोंबील सुकवले असतील त्याचा हिशोब खुद्द बोंबलांनाही लागणार नाही. मांस काय आणि बोंबील काय, सुकवणं ते सुकवणंच. येत्या शुक्रवारी करतो.

१० मे, शुक्रवार

कामाला लागलो. शेजारच्या सहम गावातल्या खाटकाकडून गाईचं मांडीचं मांस आणलं. चरबी सगळी काढली, कारण चरबी खवट होते हे मला कळतं. मांस जरा गोठवून घेतलं की सुरी सरळ चालते, ही डोरोथीची अक्कल. रेषेच्या दिशेने लांब पट्ट्या कापल्या. मीठ, सिरका, मिरी, आणि माझ्या बहिणीने, ॲव्हरिलने, वसईहून पाठवलेला बाटली मसाला. मसाल्याची बाटली उघडली तेव्हा डोरोथी खोलीबाहेर गेली, पण लगेच परत येऊन दारातून बघत राहिली.

गच्चीवर वलांडी उभारली. आमच्याकडे बोंबील टांगायला बांबू रोवून दोऱ्या ताणतात तीच वलांडी. बांबू मिळाले नाहीत, तेव्हा पाण्याचे पाईप लावले. समुद्राकडे तोंड करून, वारा थेट अंगावर घेईल अशी. आमच्या आजोबांनी पाहिली असती तर खूश झाले असते.

सगळ्यांना सांगून टाकलं. अर्बाब जमालला, खालच्या दुकानदाराला, आणि फोनवरून ॲव्हरिललाही. रविवारी चाखायला या म्हणून चार जणांना बोलावलं. डोरोथी म्हणाली, "झाल्यावर सांग ना, मॅक्सिम. होण्याआधी गावभर का करतोस?"

मी म्हटलं, होणारच आहे.

१२ मे, रविवार

झालं नाही.

वसईत थंडीतला समुद्राचा वारा कोरडा असतो, बोंबील वाजायला लागतात. इथला मे महिन्यातला वारा म्हणजे ओला पंचा तोंडावर मारल्यासारखा. पहाटे गच्चीवर गेलो तर पट्ट्यांवरून पाणी ठिबकत होतं. आज त्यांना तार सुटली, वर हिरवट बुरा आला, आणि पंचक्रोशीतल्या माशा येऊन बसल्या. सगळं फेकलं. पाहुणे वेळेवर आले. त्यांना बिस्किटं दिली.

जमालची आई सफूरा तिच्या अंगणातून हे सगळं पाहत होती. म्हातारी बलुची आहे, जरा हिंदी बोलते, जरा अरबी, बाकीचं हाताने. गच्चीकडे बघून तिने डोरोथीला काहीतरी सांगितलं आणि दोघी हसल्या. डोरोथी हसली म्हणून मी रागावलो नाही.

१५ मे, बुधवार

दुसरा प्रयत्न, या वेळी घरात. झोपायच्या खोलीत एसी, पंखा आणि दोरी. पट्ट्या वरून कडक झाल्या आणि आतून कच्च्याच राहिल्या. कापून पाहिल्या तेव्हा आतला वास बाहेर आला आणि डोरोथीने दुपारपासून जे काही पोटात ठेवलं होतं ते गेलं. मोरीच्या बाहेर उभा राहून मी तिच्या उलट्या ऐकत होतो. ती बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "तुझा चेहरा बघ कसा झालाय." पाणी तिने मला दिलं.

तिच्या मनगटातली बांगडी आता कोपरापर्यंत सरकते.

१९ मे, रविवार

आज एका माणसाबद्दल कळलं. कामावरून आलो तर सफूरा आमच्या पायरीवर डोरोथीजवळ बसली होती. मला बघून म्हणाली, "तुम जल्दी मत करो. गर्बी आएगा, तब सूखेगा."

मी विचारलं, गर्बी किधर रहता है. म्हातारीने डोंगराकडे हात केला. "उधर, अंदर से आता है. दो दिन, तीन दिन रहता है, फिर जाता है. बहोत गरम है." मग डोळे मिचकावून सांगितलं की तो आला की बायका दारं-खिडक्या लावून घरात बसतात.

इथे आडनावं अशीच असतात. बलूशी, मामरी, फारसी, तसा हा गर्बी. आत डोंगरापलीकडचा कुणी बदू, वाळवंटातला भटक्या असणार, मांस सुकवण्यात उस्ताद, आणि डोक्याने गरम. कारागीर माणसं तिरसट असतातच. पण बायका दारं लावून बसतात म्हणजे काय? अशा माणसाला घरात घ्यायचं की नाही ते मला आधी ठरवावं लागेल.

२१ मे, मंगळवार

कासमला विचारलं. हा रत्नागिरीकडचा, आमच्या स्टोअरमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो, खाबुऱ्यात मुरलेला आहे. मी जानेवारीतच मस्कतहून बदलून आलो, मला इथलं कोण माहीत. विचारलं, गर्बीला ओळखतोस का.

"कोन नाय वलकत त्याला?" कासम म्हणाला. "गेल्या साली आमच्या रूमचा पत्रा घेऊन गेला."

मी थक्क झालो. पोलिसांत सांगितलं नाही का, असं विचारलं. कासम म्हणाला, त्याच्यापुढे पोलीस काय करनार साहेब, आणि फोर्कलिफ्ट घेऊन निघून गेला.

म्हणजे वजनदार आहे. पत्रे पळवतो आणि कुणी काही बोलत नाही.

२४ मे, शुक्रवार

कळलं ते असं की मी कामावर असताना डोरोथी सफूराबरोबर दवाखान्यात जाऊन आली. मला न सांगता. डॉक्टर काय म्हणाली, तर "काही नाही, खायला घाला म्हणाली, आणि जड उचलू देऊ नका." ॲसिडिटीला जड उचलण्याचा काय संबंध? विचारलं तर म्हणाली, अशक्तपणा आहे.

आईलाही पहिल्या डॉक्टरने अशक्तपणाच सांगितला होता.

ती काहीतरी लपवते आहे. सफूरा आली की दोघी हळू बोलतात आणि मी आत आलो की हवापाण्यावर येतात. आज जाताना म्हातारीने डोरोथीच्या कपाळाचा मुका घेतला. माणसं आजाऱ्याला असंच करतात. मी मागच्या गल्लीत गाडी धुवायला गेलो आणि तिथे रडलो. गाडी सकाळीच धुतलेली होती.

२७ मे, सोमवार

ठरवलं. डोरोथीला वसईला पाठवतो. तिथे ॲव्हरिल आहे, मोठे डॉक्टर आहेत. पुढच्या महिन्यातलं तिकीट करून आलो आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

तिने तिकीट वाचलं आणि परत पाकिटात घातलं. मी विमानात बसणार नाही, म्हणाली. मी आवाज चढवला. तिने चढवला नाही. शांतपणे म्हणाली, "गर्बी आल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही, मॅक्सिम. तो येऊन जाऊ दे. मग तुला सगळं सांगते."

लग्नाला एवढी वर्षं झाली. या बाईने कधी माझ्याशिवाय कुणाची वाट पाहिल्याचं मला आठवत नाही. आता एका पत्रेचोराची पाहते आहे. विचारावं तरी कसं? विचारलं तर संशय घेतला असं होईल, आणि न विचारावं तर जेवण जात नाही. आता घरात आम्ही दोघंही जेवत नाही.

२ जून, रविवार

दमट हवा. डोंगर कधीचे दिसेनासे झालेत, समुद्राकडून नुसती वाफ येते. डोरोथी ताक आणि खारी बिस्किटं यांवर आहे. आज मीच खाटकाकडे जाऊन परत मांस आणलं. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. तिने पट्ट्या कापल्या, नाकाला रुमाल बांधून मीठ-सिरका लावला, डबा फ्रिजमध्ये ठेवला. म्हणाली, तयार असलेलं बरं, तो कधीही येईल.

एवढा विश्वास. मला हेवा वाटला, हे इथे लिहून ठेवतो.

वलांडी मी काढलेली नाही. डोरोथी म्हणाली, फिरव ती, तोंड डोंगराकडे कर. का म्हणून विचारलं नाही. फिरवली.

७ जून, शुक्रवार

रात्र झाली आहे, पण आजचं आजच लिहितो.

सकाळी उठलो तर कसला तरी आवाज बंद झाल्यासारखं वाटलं. समुद्र पाटासारखा सपाट होता. आणि डोंगर दिसत होते. इतके दिवस जे नव्हतेच ते डोंगर, घळीन्‌घळ मोजता येईल इतके जवळ येऊन उभे होते. मी चहा घेऊन दारात उभा होतो, तेवढ्यात सफूरा अंगणातून ओरडली, "गर्बी! गर्बी आया!"

मी कप ठेवला. शर्ट घातला, सगळी बटणं लावली, केस सारखे केले. म्हटलं, असेल तसा असेल, समोरासमोर बोलू. तरातरा फाटकापर्यंत गेलो आणि रस्त्यावर उभा राहिलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी नाही. एक बकरी होती, तीही भिंतीच्या आडोशाला चालली होती.

मग तो आला. डोंगराकडून आला. आधी खजुरांच्या झाडांचे शेंडे वाकले, मग रस्त्याच्या टोकाची माती उभी राहिली, मग भट्टीचं दार उघडावं तशी धग माझ्या तोंडावर आली आणि डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच सुकलं. शर्टाला घाम होता तो गेला. ओठ फुटले. फाटकाच्या कडीला हात लावला तर चटका बसला. मागे कुठेतरी धडाधड दारं-खिडक्या लागत होत्या, दूर एक पत्रा सुटून वाजत होता, आणि मी बटणं लावलेला शर्ट घालून रस्त्याच्या मधोमध वाऱ्याच्या स्वागताला उभा होतो.

वारा. गर्बी म्हणजे पश्चिमेचा वारा. अख्खं वाळवंट ओलांडून, डोंगर चढून-उतरून आलेला.

मागे वळलो तर डोरोथी दारात डबा घेऊन उभी होती. माझा अवतार बघून तिला काय ते कळलं असावं, कारण ती दाराला धरून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मीही. मग तिने डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "जा लवकर. मला वर चढायला नको सांगितलंय."

गच्चीवर उभं राहवत नव्हतं. एका हाताने पाईप धरून दुसऱ्याने पट्ट्या टांगल्या. एक माशी नाही. शेवटची पट्टी लावली तेव्हा पहिलीचा रंग बदललेला होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, लाल होती ती गडद झाली, मग कडेने आक्रसली. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाऱ्यावर मासळी सुकवली, पण वारा असं काम करताना मी कधी पाहिलं नव्हतं. डोक्याला पंचा गुंडाळून तिथेच बसून राहिलो. डोरोथी जिन्याखालून हाका मारत होती. दुपारी पट्ट्या एकमेकींवर आपटून वाजायला लागल्या. लाकडासारख्या. आमच्या अंगणात बोंबील वाजायचे तशा. मला आई आठवली, आणि या वेळी आठवताना भीती वाटली नाही.

मी फार देवभोळा नाही. पण त्या गच्चीवर मी टोपी काढावी तसा पंचा काढला आणि परत बांधला.

९ जून, रविवार

तीन दिवसांचा पाहुणा आज गेला. सकाळपासून परत समुद्राची वाफ.

काल संध्याकाळी सफूराने अंगणात भिंतीच्या आडोशाला निखारे काढले. पट्ट्या नुसत्या खाऊ नका, भाजून खा, असं तिने बजावलं होतं. भाजून, बत्त्याने ठेचून, वर लिंबू. घरभर वास सुटला आणि मी श्वास धरून डोरोथीकडे बघत राहिलो. तिने नाक दाबलं नाही. भात घेतला, त्यावर तो चुरा घेतला. खाल्लं. परत घेतलं. मी बोटं मोडत बसलो होतो. ती मोरीकडे गेली ती ताट धुवायला.

मग आत बोलावून तिने मला सांगितलं. वाक्य लहान होतं. तिसरा महिना कालच पुरा झाला, तेवढा होईपर्यंत सफूराखेरीज कुणालाही सांगायचं नाही असा तिने वेलांकनीच्या मातेला नवस केला होता. विमानाला नाही म्हणाली ते त्यासाठी, दवाखान्यात गुपचूप गेली ते त्यासाठी. गर्बीचा वायदा केला तोही त्यासाठी, तो याच सुमारास येतो असं सफूराने तिला सांगितलं होतं. म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळी तू त्याच दिवशी वसईला फोन केलास. मग नाही राहिलं हे सांगणारे फोन मला करायला लागले."

मी उठलो. सवयीने फोनपर्यंत गेलो. रिसीव्हर उचलला, तो कानाला न लावता परत ठेवला, आणि येऊन तिच्या पायाशी बसलो. गर्बी तिच्या खिडकीवर धक्के देत होता. ती म्हणाली, "बघ, किती दांडगा आहे, पण इथे बसून नुसता आवाज येतो." मी तिच्या पोटावर हात ठेवला. काही कळलं नाही, एवढ्यात कळतही नाही म्हणाली. तरी ठेवून बसलो. इतका वेळ मी कशावरही गप्प बसलेलो नाही.

तिने सांगितलेलं वाक्य मी इथे लिहीत नाही. तिकीट आज रद्द केलं.

१२ डिसेंबर १९९६, गुरुवार. सोहार

आता लिहितो. आम्हाला मुलगी झाली. सकाळी, उन्हं वर आल्यावर. दोघी ठीक आहेत. नर्सने तिला माझ्या हातावर ठेवलं तेव्हा तिने एक डोळा उघडला, माझी पाहणी केली आणि परत मिटला. मी एवढी लहान आणि एवढी पुरी गोष्ट कधी पाहिली नव्हती. नखंसुद्धा होती. मी प्रत्येक नख पाहिलं. कुणी बनवली, मी तर फक्त वाट पाहत होतो, आणि तीही भलत्याचीच.

डोरोथीने डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं, तर डब्यात काही उरलंय का. तळाला दोन पट्ट्या उरल्या होत्या, त्या मी खिशात घालूनच आलो होतो. घरी गेल्यावर भाजून देईन म्हटलं.

दुपारी सफूरा आली. जमालने तिला गाडीने आणलं. बाळाच्या कानाशी तिने काहीतरी पुटपुटलं, फुंकर घातली, आणि मला विचारलं, नाम क्या रखा.

मी तोंड उघडलं. डोरोथीने उशीवरून माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, बाप्तिस्मा होऊ दे, मग सांगतो.

नाव ठरलेलं आहे. इथेही लिहीत नाही.